आकाशी शिमर नेलपेंट: बाटलीत सुंदर, मग नखावर का नाही?

(या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी.)



आज आपण एकाच रंगाबद्दल बोलणार आहोत. फिकट आकाशी, आणि त्यात बारीक चमक. म्हणजे शिमर. दुकानात गेलात की हीच बाटली पहिली हातात येते. तुळशीबागेत बघा, लिंकिंग रोडला बघा, लोकलच्या लेडीज डब्यात ताई जो डबा उघडतात त्यात बघा, ती बाटली तिथे असतेच. आणि घरी आणून लावली की चेहरा पडतो.

गेल्या महिन्यात तुमचे जे व्हॉइस नोट आले, त्यात या एका रंगाबद्दल तीन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. पहिली, "ताई, पट्टे पडतात. कितीही लावा, एकसारखं दिसतच नाही." दुसरी, "दोन दिवसांत हिरवट होतं." आणि तिसरी, जी ऐकून मला खरंच वाईट वाटलं, ती अशी: "माझा हात सावळा आहे, त्यामुळे मला हा रंग शोभत नाही असं सगळे म्हणतात."

तर आज या तीनही तक्रारी घेऊ. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या तिन्हींचं कारण बाटलीत आहे, तुमच्या हातात नाही. बाटलीत काय भरलंय ते एकदा कळलं की हाच रंग हाताळायला सोपा होतो.

बाटलीत असतं काय?

नेलपेंट म्हणजे साधारण चार गोष्टींचं मिश्रण. एक, नायट्रोसेल्युलोज. हे नखावर वाळून पातळ, कडक पापुद्रा तयार करतं. दोन, ते विरघळवून ठेवणारी द्रव्यं, म्हणजे इथाइल अॅसिटेट, ब्यूटाइल अॅसिटेट. बाटली उघडल्यावर जो गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो तो यांचा. ही उडून गेली की नेलपेंट वाळलं. तीन, पापुद्रा तडकू नये, थोडा लवचिक राहावा म्हणून घातलेल्या गोष्टी. यात बऱ्याचदा चक्क कापूर असतो. हो, आपला आरतीचा कापूर. आणि चार, रंग.

आता आकाशी रंग तयार कसा होतो? निळा अगदी थोडा आणि पांढरा भरपूर. निळ्यासाठी बहुतेक वेळा प्रशियन ब्लू किंवा अल्ट्रामरीन वापरतात. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. अल्ट्रामरीन तर तुमच्या आजीला चांगलाच माहीत असेल, कारण पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीत तोच असायचा. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. हाच घराच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतो.

पट्ट्यांचं पहिलं कारण इथेच आहे. गडद लाल किंवा मरून लावलं तर थर थोडा जाड-पातळ झाला तरी डोळ्याला कळत नाही. फिक्या रंगात मात्र जिथे थर पातळ, तिथून नखाचा गुलाबी दिसतो आणि जिथे जाड, तिथे खडूसारखा पांढरट. एकाच नखावर दोन रंग! मग आपण घाबरून अजून एक ब्रश फिरवतो. तेवढ्यात खालचा थर अर्धा वाळलेला असतो, तो ब्रशबरोबर खेचला जातो आणि सगळं बिघडतं.

आणि ती चमक?

शिमर म्हणजे बारीक टिकल्या असं आपल्याला वाटतं. ते ग्लिटर. ग्लिटरचे तुकडे डोळ्याला वेगळे दिसतात, शिमरचे दिसत नाहीत. शिमरमध्ये असतात अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या, अतिशय बारीक चकत्या. प्रत्येक चकतीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो.

पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की कसे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात? पेट्रोलमध्ये तर ते रंग नसतात. प्रकाश त्या पातळ थराच्या वरच्या बाजूवरून परततो आणि खालच्या बाजूवरूनही परततो. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही रंग जोर धरतात, काही मावळतात. शिमरच्या चकतीवर हेच होतं. थर अगदी पातळ असेल तर चमक चांदीसारखी. थोडा जाड केला की सोनेरी, मग लालसर, मग निळी, मग हिरवी. सगळा खेळ त्या थराच्या जाडीचा.

पूर्वी ही मोत्यासारखी चमक माशांच्या खवल्यांपासून काढायचे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये खोटे मोती बनवायला ती वापरली गेली आणि पुढे नेलपेंटमध्येही आली. आता बहुतेक काम अभ्रकावर चालतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. निळी चमक देणारी चकती निळा प्रकाश परत पाठवते आणि उरलेला, म्हणजे पिवळसर, आरपार जाऊ देते. खाली पांढरं असेल तर तो पिवळसर प्रकाश परत वर येतो आणि निळ्याला फिकं करतो. खाली गडद असेल तर पिवळा तिथेच शोषला जातो आणि निळा उठून दिसतो.

घरी करून बघा. एक पांढरा कागद, एक काळा कागद, दोन्हींवर त्याच नेलपेंटचा एकेक थेंब पसरवा आणि वाळू द्या. शिमरवालं पारदर्शक नेलपेंट असेल तर दोन वेगळ्या बाटल्यांतले रंग वाटतील. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आकाशी शिमर तीन प्रकारचं असतं

दुकानात तीनही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि बाटलीत जवळजवळ सारखे दिसतात.

पहिला प्रकार: दाट आकाशी आणि त्यात थोडी चांदी. बाटली उलटी केली की काचेवरून जाड, दुधाळ थर सावकाश खाली उतरतो. हा दोन कोटांत नख झाकतो, पण खडूसारखा दिसायची भीती यालाच जास्त.

दुसरा: पारदर्शक, आणि त्यात निळ्या चकत्या. बाटली उजेडात धरली की पलीकडचं बोट पुसट दिसतं. एकटा लावला तर नखावर फक्त ओलसर निळी झाक येते. काहींना तेच आवडतं. पण "बाटलीत दिसतो तसा" हवा असेल तर याच्याखाली दुसरा रंग लागतो.

तिसरा: फ्रॉस्ट. यात चकत्या एवढ्या भरलेल्या असतात की तो जवळजवळ धातूसारखा दिसतो. आपल्या आई-मावशीच्या लग्नाच्या फोटोंतल्या नखांवर जो मोतिया रंग दिसतो ना, त्याच घराण्यातला. यात ब्रशच्या रेघा सगळ्यात जास्त दिसतात. कारण चकत्या सपाट असतात आणि ब्रश ज्या दिशेने जातो त्या दिशेने त्या झोपतात. ब्रश वाकडा गेला, की चमकही वाकडी.

म्हणून घेताना बाटलीचं झाकण बघू नका, नाव बघू नका. उलटी करा, उजेडात धरा, आणि तीनपैकी कोणता ते ओळखा. आणि दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली ठरवू नका. दोन पावलं बाहेर या, उन्हात बघा. शिमर दिव्याखाली एक आणि उन्हात दुसरंच दिसतं.

"सावळ्या हाताला शोभत नाही" म्हणे

आता या तक्रारीवर येते.

फिका निळा हा रंग फॅशनमध्ये आला त्याची एक गोष्ट आहे. १९९५ साल, लॉस एंजेलिस. दिनेह मोहाजेर नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी, घराणं मूळचं इराणी. तिला आपल्या आकाशी सँडल्सना जुळणारं नेलपेंट हवं होतं. बाजारात तेव्हा लाल, गुलाबी, तपकिरी. निळा कुठे मिळेना. म्हणून तिने घरीच निळं आणि पांढरं मिसळून रंग तयार केला. लोक विचारायला लागले, तर तिने चार फिके रंग तयार करून फ्रेड सिगल नावाच्या दुकानात नेले. आकाशी शेडचं नाव होतं 'स्काय' आणि कंपनीचं नाव 'हार्ड कँडी'. अॅलिसिया सिल्वरस्टोन ही नटी ते लावून टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये गेली आणि मागणी आवरेना. १९९९ मध्ये एलव्हीएमएच या मोठ्या फ्रेंच कंपनीने हार्ड कँडी विकत घेतली.

गोष्ट का सांगितली? कारण या रंगाची सुरुवातच "मला जे हवंय ते बाजारात नाही, मग मी मिसळून बघते" अशी झालीय. कोणाला काय शोभतं याचा नियम त्यात कुठेच नव्हता. नियम नंतर आले. जाहिरातीत गोरा हात, बाटलीच्या बॉक्सवर गोरा हात, फोनवरच्या नमुन्याच्या फोटोत गोरा हात. मग आपण स्वतःच्या हाताकडे बघून म्हणतो, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

प्रत्यक्षात काय होतं बघा. फिका, चमकणारा रंग गडद रंगाच्या शेजारी ठेवला की जास्त उजळ दिसतो. काळ्या पैठणीवर जरीचे काठ कसे उठतात? तसंच. गोऱ्या हातावर फिका आकाशी कधी कधी हातातच मिसळून जातो. सावळ्या हातावर तो लपत नाही. काही जणींना "हात काळा दिसतो" असं वाटतं, ते याच विरोधामुळे. हात आहे तसाच आहे, फक्त नख उजळ झालंय.

जे खरोखर वाईट दिसतं ते म्हणजे खडूपणा. पहिला प्रकार सांगितला ना, दाट, पांढरं जास्त आणि चमक कमी, तो एकाच जाड कोटात लावला की नखावर चुना लावल्यासारखं दिसतं. ते कुठल्याही हातावर वाईटच. सावळ्या हातावर जरा लवकर लक्षात येतं एवढंच.

मग उपाय काय? दोन आहेत.

एक, घेताना चमक जास्त आणि पांढरट कमी असं बघा. चमकेत किंचित जांभळी किंवा गुलाबी झाक असेल तर आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाबरोबर ती छान बसते.

दोन, पारदर्शक शिमर घेतलं असेल तर खाली आधी राखाडी किंवा गडद निळ्याचा एक पातळ कोट द्या आणि वर शिमर. आठवतंय ना काळ्या कागदावरचा थेंब? खाली गडद असल्यामुळे निळी चमक एकदम जागी होते. अगदी फिकाच हवा असेल तर खाली पातळ पांढरा द्या. मग रंग मऊ दिसेल, चमक कमी दिसेल. दोन्ही बरोबर. तुम्हाला काय हवंय त्यावर.

आणि हो, हे मुलांसाठीही आहे. मला दोन मुलांनी मेसेज केलेत की लावावंसं वाटतं, पण मित्र हसतील. मित्र आठवडाभर हसतील. नेलपेंट बहुधा त्यापेक्षा कमी टिकेल. लावा.

आता लावायचं कसं

हा भाग पॉज करत करत ऐका, किंवा इथे वाचत वाचत करा.

सगळ्यात आधी हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा. मग नखांवर जुनं नेलपेंट नसलं तरी कापसावर थोडं रिमूव्हर घेऊन एकेक नख पुसा. क्रीम, खोबरेल तेल, जेवणातलं तेल, काहीही राहिलं तरी नेलपेंट दुसऱ्या दिवशी टोकापासून सुटतं. टिकत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

नखांना कानस एकाच दिशेने. करवतीसारखी पुढे-मागे केली की नखाचे पापुद्रे सुटतात. नखाच्या मुळाशी जी पातळ त्वचा असते ती कापू नका. ती तिथे जंतू आत जाऊ नयेत म्हणून असते. अंघोळीनंतर मऊ असताना टॉवेलने हलकेच मागे सारली तरी पुरे.

मग बेस कोट. निळे रंग नखाला डाग पाडू शकतात, म्हणून तो हवा. शिमरसाठी अजून एक कारण आहे. नखावरच्या उभ्या रेघा बेस कोटने थोड्या भरून निघतात, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असला की चकत्याही सपाट बसतात.

आता बाटली. जोरात हलवू नका. दोन तळहातांत धरून लाटण्यासारखी फिरवा, मिनिटभर. हलवली की हवा मिसळते आणि तेच बुडबुडे नखावर येतात. आत टिकटिक आवाज येतो ना, त्या स्टीलच्या छोट्या गोळ्या आहेत, मिसळायला मदत म्हणून. शिमर जड असतं, ते तळाशी बसतं. न फिरवता लावलंत तर पहिल्या चार नखांवर नुसता रंग आणि शेवटच्या दोन नखांवर सगळी चमक, असा प्रकार होतो.

कोणत्या हातापासून सुरू करायचं? ज्या हाताने लिहिता, त्या हाताची नखं आधी रंगवा. म्हणजे उजव्या हाताने लिहित असाल तर डाव्या हातात ब्रश घेऊन उजवा हात आधी. अवघड काम धीर असताना करून टाकायचं. कोपर टेबलावर टेकवा, मनगट टेकवा. ब्रश स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताचं बोट हळू फिरवा.

ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडावर पुसून घ्या, दुसऱ्या बाजूला एक थेंब राहू द्या. तो थेंब नखाच्या मध्यभागी, मुळापासून थोडा अलीकडे टेकवा. हलकेच मुळाकडे ढकला, कातडीला लागायच्या आधी थांबा, आणि मग एका दमात टोकापर्यंत सरळ ओढा. मग डावीकडे एक, उजवीकडे एक. तीन ओढी. संपलं. चौथ्यांदा ब्रश फिरवायचा नाही.

पहिला कोट वाईट दिसणार आहे. पुन्हा सांगते, वाईट दिसणार आहे. पट्टे असतील, नख दिसेल, वाटेल की पैसे वाया गेले. हात लावू नका. तीन मिनिटं थांबा. दुसरा कोट, तसाच पातळ. परत तीन-चार मिनिटं. आणि तिसरा. फिक्या शिमरला तीन पातळ कोट लागतात. दोन जाड कोट म्हणजे तेच काम नाही. जाड थराचा वरचा भाग आधी वाळतो, आतला ओला राहतो, आणि मग रात्री झोपल्यावर चादरीची नक्षी नखांवर उमटते.

शेवटच्या कोटात ब्रश अगदी हलका हवा, जवळजवळ वजन नसल्यासारखा. आणि दिशा मुळापासून टोकाकडे, सगळ्या नखांवर एकच. चकत्या त्याच दिशेने बसतील आणि चमक एकसंध दिसेल. त्यानंतर नखाच्या पुढच्या कडेवर ब्रश आडवा फिरवा. कड बंद झाली की टोकं लवकर उडत नाहीत. मोबाइलवर दिवसभर टाइप करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. सगळ्यात आधी टोकंच जातात.

वर टॉप कोट. तो विसरू नका, का ते पुढे सांगते.

वाळवताना पंखा पाचवर ठेवून त्याखाली हात धरू नका. वरची साय पटकन धरते आणि खाली अडकलेली द्रव्यं बाहेर पडताना बुडबुडे करतात. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा तर जरा जास्तच वेळ द्या. दमट हवेत असे थर वाळताना धुरकट पडू शकतात आणि शिमर मेल्यासारखं दिसतं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायची रील्स तुम्ही पाहिली असतील. त्याने वरचा थर कडक वाटतो, पण नेलपेंट वाळतं ते द्रव्य उडून. थंड पाणी ते उडवत नाही.

एक इशारा. हे सगळं ज्वालाग्राही आहे. गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ, दिवाळीत पणत्यांच्या शेजारी बसून नेलपेंट किंवा रिमूव्हर वापरू नका. खिडकी उघडी ठेवा. वासही बाहेर जाईल.

बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नका. त्याने पापुद्र्याचं आणि शिमर तरंगत ठेवणाऱ्या मातीचं सगळं गणित बिघडतं. हो, माती. एका विशिष्ट मातीमुळेच चकत्या लगेच तळाशी बसत नाहीत. नेलपेंटचं वेगळं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

दोन दिवसांत हिरवट का होतं?

याचं उत्तर तुमच्या ताटात आहे. हळद!

आपण हाताने जेवतो. वरण, भाजी, रस्सा, सगळ्यात हळद. हळदीतला पिवळा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला विरघळतो, आणि फोडणीत तेल असतंच. तो नेलपेंटच्या थरात उतरतो. निळा अधिक पिवळा म्हणजे काय, हे शाळेत शिकलोय. म्हणून उजव्या हाताची नखं आधी हिरवी होतात आणि डावीची तशीच राहतात. वर साबण लावला की अजून गंमत. हळद साबणाने लालसर होते, म्हणून काही जणींना नखांवर तपकिरी छटा दिसते.

गडद रंगावर हे कळत नाही. आकाशीवर लगेच कळतं.

मग करायचं काय? टॉप कोट दोन, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक नवा. डाग वरच्या थरात अडकतो, रंगापर्यंत पोचत नाही. स्वयंपाक करताना, विशेषतः मटण-चिकनला हळद-मीठ चोळताना, हातमोजे किंवा चमचा. आणि डाग पडलाच, तर थोडं ऊन खा. हळदीचा रंग उन्हात फिका होतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातल्यावर उतरतो ना, तेच. गॅलरीत हात बाहेर ठेवून अर्धा तास एपिसोड ऐका.

लग्नाचं घर असेल तर आकाशी शिमर हळदीच्या कार्यक्रमाआधी लावू नका. नंतर लावा.

हे मात्र नक्की लक्षात ठेवा

दवाखान्यात ऑपरेशनसाठी जायचं असेल तर नेलपेंट आधी काढून जा. नर्स सांगतात तेव्हा तो जुनाट नियम नसतो. बोटाला जी क्लिप लावतात, पल्स ऑक्सिमीटर, ती लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पार करून रक्तातला ऑक्सिजन मोजते. निळा, काळा, हिरवा असे रंग त्या प्रकाशाच्या वाटेत येतात आणि आकडा चुकू शकतो. आणि दुसरं, ऑक्सिजन कमी पडला की ओठ आणि नखं निळसर दिसू लागतात. डॉक्टर ते बघत असतात. विचार करा, नखं आधीच निळी रंगवलेली असतील तर? घरी कोणी आजारी असेल आणि क्लिप लावून बघत असाल तरी त्या बोटाचं नेलपेंट आधी पुसा.

काढताना खरवडून काढू नका. त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं. पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. रिमूव्हर लावलेला कापूस नखावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग एकदाच टोकाकडे ओढा. शिमरच्या चकत्या कातडीला चिकटतात, म्हणून घासू नका. नंतर हात धुऊन खोबरेल तेल लावा.

ही चमक येते कुठून?

शेवटचा मुद्दा. हा मी वगळू शकले असते, पण वगळायचा नाही असं ठरवलं.

शिमरमधलं अभ्रक बऱ्याच प्रमाणात आपल्याच देशातून येतं. झारखंडमधले कोडरमा, गिरिडीह, बिहारमधला नवादा. तिथल्या कित्येक खाणी कागदोपत्री बंद आहेत. पण सोडून दिलेल्या खाणींत आणि ढिगाऱ्यांत उतरून लोक अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिथे 'ढिबरा' म्हणतात. घरची माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर लहान मुलंही जातात. दरड कोसळून माणसं मेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. २०१७ मध्ये काही कंपन्यांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केलं, माल कुठून येतो ते तपासायला आणि मुलांना या कामातून बाहेर काढायला.

मग शिमर लावूच नये का? मला तसं वाटत नाही. खरेदी एकदम थांबली तर ज्या घरांचं पोट यावर आहे त्यांचं काय? पण विचारता येतं. बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर घटकांची यादी असते. तिथे 'मायका' किंवा 'सीआय ७७०१९' लिहिलं असेल तर ते अभ्रक. 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं लांबलचक नाव असेल तर ते कारखान्यात तयार केलेलं अभ्रक, खाणीतलं नाही. आणि खाणीतलं असेल तर कंपनीला एक मेसेज करा, "तुमचं अभ्रक कुठून येतं?" आपण शेडच्या नावावर शंभर कमेंट करतो. त्यात एक ही पण करू.

चला, आजच्यापुरतं एवढंच. या आठवड्यात दोन कामं. एक, पांढऱ्या आणि काळ्या कागदावरचा थेंब. दोन, तीन पातळ कोट, मध्ये तीन मिनिटं, आणि चौथ्यांदा ब्रश नाही. फोटो पाठवा, फिल्टर न लावता, उन्हात काढलेले. गोरे, गव्हाळ, सावळे, काळे, सगळे हात हवेत मला. पुढच्या वेळी कोणी "हा रंग कसा दिसतो?" म्हणून शोधायला गेलं, तर त्यांना आपल्यासारखे हातही दिसले पाहिजेत.

पुढच्या एपिसोडमध्ये जेल नेलपेंट आणि त्या दिव्याबद्दल बोलू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि वाळेपर्यंत फोनला हात लावू नका. जमलं तर!